चिंचेचं कलम

भास्कर तांदळे कोणाशीही हात मिळवण्याआधी तो हात हुंगतो. नुसता नमस्कार केलात तर सुटलात. हात पुढे केलात की तो दोन्ही हातांत धरतो, नाकाशी नेतो, डोळे मिटतो आणि निकाल देतो. "तंबाखू. सकाळी एकदाच, पर हाय." किंवा, "अत्तर. लग्नाला गेलतात काय?" निकाल लागला की मगच हात हलवतो. आमच्या कारखान्यात एकदा बँकेचे मोठे साहेब आले होते. त्यांचा हात हुंगून तो सर्वांदेखत म्हणाला, "साहेब, तुमी सोडली म्हणता, पर बोटं न्हाई म्हणायलीत." साहेबांनी रागवायला हवं होतं. ते हसले. जाताना भास्करचा नंबर घेऊन गेले. माझा नंबर छापलेलं कार्ड मी त्यांना दिलं होतं, ते टेबलावर तसंच राहिलं.

या सवयीमागे कारण आहे आणि ते खरं आहे. भास्कर पूर्वी रेशीमशेती करायचा. रेशमाच्या अळीला तंबाखू सोसत नाही. तंबाखू मळलेल्या हाताने तुतीचा पाला टाकला तर अळ्या मरतात. त्यामुळे शेडच्या दारात प्रत्येकाचा हात हुंगायचा त्याला नादच लागला. पण आता तो बीडच्या एमआयडीसीत टेबलाशी बसतो. तिथे अळी नाही. मी त्याला हे सांगितलं.

"अळी न्हाई, पर नाक हाय ना बे," तो म्हणाला.

आमचा कारखाना लहान आहे. रेशमाच्या कोषात धागा असतो आणि तो धागा चिकटवून ठेवणारा डिंक असतो. बाकीचे धागा काढणारे हा डिंक धुऊन गटारात सोडतात. आम्ही तो गोळा करतो, शुद्ध करतो आणि त्यापासून जखमेवर लावायच्या पट्ट्या बनवतो. डिंकाचं शास्त्रीय नाव सेरिसिन. भास्कर त्याला सरोसीन म्हणतो. मी सहा महिने दुरुस्त केलं. मग पुण्याच्या औषध कंपनीच्या डॉक्टर केतकर मॅडम एका बैठकीत हसत हसत 'सरोसीन' म्हणाल्या, त्या दिवसापासून मी दुरुस्त करणं सोडलं.

मी गुणवत्ता विभाग पाहतो. पट्टीतला ओलावा, जाडी, निर्जंतुकपणा सगळं मी तपासतो. माझ्या सहीशिवाय एक पट्टी दाराबाहेर पडत नाही. भास्करच्या सहीवाचून कारखान्याचं काहीही अडत नाही, तरी त्याच्या खोलीच्या दारावर पाटी आहे: सहयोग व नवोपक्रम प्रमुख. त्याच्या खोलीला एसी आहे, माझ्या खोलीला पंखा. त्याची खुर्ची फिरते, माझी कुरकुरते. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. नोंद म्हणून सांगतो.

आम्ही दोघं एकाच वर्गात बीएस्सी झालो. मला एकसष्ट टक्के पडले, तो काठावर सुटला. त्याने प्रात्यक्षिकाची सगळी वही माझ्या वहीवरून उतरवली होती. तोंडी परीक्षेला सरांनी माझी वही उघडलीसुद्धा नाही, त्याची मात्र हातात घेऊन म्हणाले, "अक्षर बरं आहे." तेव्हापासूनचं हे आहे.

आता पाटीवरच्या 'सहयोग' या शब्दाचा अर्थ. भास्करच्या भाषेत त्याला 'गाठ घालणं' म्हणतात. "याची अडचण त्याला सांगायची, त्याची याला सांगायची. मंग दोघं बी आपल्याला च्या पाजतात. ह्यालाच सहयोग म्हणत्यात," असं तो नव्या भरती झालेल्या मुलींना शिकवतो. जगातला कोणताही माणूस त्याच्या मते आपलाच माणूस असतो. फोनवर अनोळखी आवाज आला तरी तो म्हणतो, "बोला, तुमी काय येगळे हाव का?" चुकीचा नंबर लागलेल्या एका माणसाशी तो असाच बोलत बसला आणि शेवटी तो माणूस कोंबड्यांच्या खाद्याचा व्यापारी निघाला. धागा काढल्यावर कोषात उरणारी मेलेली अळी आम्ही फेकून देत होतो, ती त्या दिवसापासून कोंबड्या खातात. मालकांनी याला नवोपक्रम म्हटलं. मी याला राँग नंबर म्हणतो.

त्याच्या सगळ्याच गाठी अशा बसत नाहीत, हेही सांगायला हवं. आमच्याकडे कोष देणाऱ्या शेतकऱ्यांना रेशमाची अंडी थंड जागी ठेवायची होती. भास्करने एका कुल्फीवाल्याशी त्यांची गाठ घालून दिली. कुल्फीवाल्याची शीतपेटी रात्रंदिवस चालूच असायची. योजना चांगली होती. पण लग्नसराईत पाटोद्याच्या एका लग्नाला कुल्फीबरोबर अंड्यांचा डबाही गेला. रेशमाची अंडी दिसायला थेट खसखशीसारखी. आचारी वाटणाला घ्यायच्या बेतात होता. भास्कर मोटारसायकलवर पाटोद्याला पोचला आणि मांडवात शिरून ओरडला, "वाटू नका, जित्ती हायत." अर्धी पंगत उठली. दुसऱ्या कोणाला तिथे मार बसला असता. भास्कर जेवून आला. शिवाय नवऱ्या मुलाच्या मामाकडे तुतीची लागवड ठरवून आला.

घरीही मला त्याच्यापासून सुटका नाही. एकदा आमच्याकडे आला तर दारातच माझ्या बायकोचा हात न हुंगता नुसता घरातला वास घेऊन म्हणाला, "वहिनी, मेथीत लसूण उशिरा टाकला तुमी. असाच टाकाय पायजे." लग्नाला तेवीस वर्षं झाली, मेथीत लसूण कधी पडतो हे मला माहीत नव्हतं. त्यानंतर आमच्या घरात काहीही झालं की वाक्य ठरलेलं: "भास्कर भाऊजींसारखं जरा मोकळं बोलावं माणसानं."

"तो मोकळं बोलतो, कारण त्याला काही तपासावं लागत नाही," मी म्हणालो.

"मग तुम्ही जेवताना तरी नका तपासू," ती म्हणाली.

या पार्श्वभूमीवर ती बैठक झाली. आमच्या पट्ट्या अजून बाजारात नव्हत्या. त्यासाठी तीन पक्ष एकत्र यायला हवे होते. डिंक शुद्ध करायची पद्धत संभाजीनगरच्या एका महाविद्यालयाच्या गायकवाड सरांची. पट्ट्या बनवायची यंत्रं आणि कोष आमचे. रुग्णांवरच्या चाचण्या आणि विक्री पुण्याच्या कंपनीची. करार झाला नाही तर पट्टीचा विभाग बंद करीन, असं आमच्या मालकांनी, काकडे साहेबांनी, सरळ सांगितलं होतं. यंत्रं झाकून ठेवलेली होती. करार मी लिहिला होता. दोन वर्षं लिहीत होतो. एकेक शब्द माझा होता, फक्त एक कलम सोडून.

ते कलम असं: उद्या या पट्टीत काही सुधारणा झाली, नवा शोध लागला, तर तो कोणाचा? सर म्हणायचे, पद्धत माझी. मॅडम म्हणायच्या, चाचण्यांचा भार आमच्यावर. काकडे साहेब म्हणायचे, कोष आणि यंत्र नसतील तर तुम्ही सुधारणार काय? मी प्रत्येकाच्या योगदानाचं कोष्टक करून नेलं होतं. दोन दशांश स्थळांपर्यंत हिस्से काढले होते. कोष्टक टेबलावर फिरलं आणि प्रत्येकाने पाहून पुढे सरकवलं. शेवटी ते माझ्याचकडे आलं. चहावर साय धरली.

भास्कर तोवर गप्प होता. गप्प भास्कर ही दुर्मिळ गोष्ट असल्याने सगळे त्याच्याकडे पाहायला लागले.

"मॅडम, आमच्या नांदूरघाटच्या रानात माझ्या आन् माझ्या भावाच्या वाटणीत एक बांध हाय," तो म्हणाला. "बांधावर चिंचेचं झाड हाय. सांगा, चिंच कुणाची?"

"ज्याने लावली त्याची," सर म्हणाले.

"बापानं लावली. बाप गेला."

"मग दोघांची," मॅडम म्हणाल्या.

"दोघांची. पर अर्धी अर्धी न्हाई. झाडाला काय अर्धं असतंय? ज्याच्या वावरात चिंच पडंल, ती त्यानं खायाची, दुसऱ्यानं इचारायचं न्हाई. काठी लावून पाडायची झाली, तर दोघांनी मिळून पाडायची, एकट्यानं काठी लावायची न्हाई. सावली सगळ्यांची. आन् झाड तोडायची गोष्ट कुणी काढायचीच न्हाई. झालं."

मॅडमनी पेन उघडलं. प्रत्येक पक्षाने सुधारणा आपापल्या कामात विनाअट वापरावी. बाहेर कोणाला द्यायची तर तिघांच्या संमतीने द्यावी. एक पक्ष सोडून गेला तरी बाकीच्यांचा वापर थांबू नये. सर मान हलवत होते. काकडे साहेबांनी नवा चहा सांगितला. ज्यासाठी मी दोन वर्षं डोकं फोडलं ते कलम, चहा येईपर्यंत झालं. टाइप मात्र मी केलं. त्या दिवसापासून सगळे त्याला 'चिंचेचं कलम' म्हणतात. करारात त्याचा क्रमांक सोळा आहे, पण सोळा कोणी म्हणत नाही.

खरं सांगायचं तर त्या रात्री मला जेवण गेलं नाही. बायकोने विचारलं तेव्हा पित्त म्हणालो.

आठवड्याने मॅडमचा फोन आला. त्यांच्या वरिष्ठांना सगळं पसंत होतं. सही करण्याआधी त्या शेतकऱ्यांच्या रेशीमशेड पाहायला येणार होत्या. "आणि ती चिंच," त्या म्हणाल्या. "तिचा फोटो हवाय. आमच्या संचालकांना मी तीच गोष्ट सांगितली आहे, ते म्हणाले झाड दाखवा."

मी भास्करला निरोप दिला. जो माणूस कुल्फीवाल्याचीही गाठ घालून देतो, तो हे ऐकून खुर्चीत फिरायचा थांबला.

"रस्ता लई खराब हाय," तो म्हणाला.

"जीप नेऊ."

"चिंचेखाली दुपारचं जाऊ नये म्हणत्यात. बाया-माणसांनी तर न्हाईच."

"मॅडम डॉक्टर आहेत."

"त्यापरीस तुतीचा फोटू देऊ की. तुती चांगली दिसती."

मी आयुष्यभर एकच काम केलं आहे. जो माल समोर आणायला पुरवठादार टाळाटाळ करतो, तो आधी तपासायचा. मला वास लागला. झाड नव्हतंच. गोष्ट रचलेली होती आणि माझं दोन दशांश स्थळांचं कोष्टक एका रचलेल्या गोष्टीने हरवलं होतं. झाड नाही हे कळलं तर मॅडमना बाकीचंही खोटं वाटेल, सही अडेल, विभाग बंद पडेल, हे सगळं मला दिसत होतं. तरीही मी म्हणालो, "मी नेतो सगळ्यांना. मलाही पाहायचंय."

भास्करने खुर्ची माझ्याकडे वळवली. "कावून बे?" तो म्हणाला. एवढंच.

आम्ही दोन गाड्यांनी गेलो. मॅडम आणि गायकवाड सर त्यांच्या गाडीत, कारण कंपनीच्या कामासाठी दोघांना तिथून परस्पर पुण्याला निघायचं होतं. भास्कर माझ्या गाडीत. नांदूरघाटला एका शेतकऱ्याची शेड पाहिली. हात धुतले, चपला बाहेर काढल्या, अळ्यांचा पाला खातानाचा पावसासारखा आवाज ऐकला. भास्करने मॅडमचा हात हुंगला आणि सॅनिटायझर आहे म्हणून पुन्हा धुवायला लावला. मॅडम खूश होत्या. तिथवर तो नेहमीचा भास्कर होता. मग मॅडम म्हणाल्या, "चला, आता तुमची चिंच."

भास्कर नेहमी सगळ्यांच्या पुढे चालतो. त्या दिवशी मागे राहिला. मला रस्ता विचारत विचारत जावं लागलं.

त्याच्या रानाशी पोचलो तेव्हा बांध असा दिसलाच नाही. दोन्ही बाजूंनी नांगरून नांगरून त्याची वीतभर रेघ उरली होती. रेघेवर सिमेंटचे खांब आणि काटेरी तार. तारेच्या मधोमध एक बुंधा होता, जमिनीलगत तोडलेला, रुंद, काळा पडलेला. तारेच्या पलीकडे एक माणूस ज्वारीत खुरपत बसला होता. चेहरा भास्करचाच, फक्त उन्हाने वाळलेला. तो त्याचा धाकटा भाऊ दत्तू, हे सांगायची गरज नव्हती.

"कुठे आहे हो झाड?" मॅडमनी मोबाइल काढला.

भास्करने तोंड उघडलं. एवढ्या वर्षांत मी पहिल्यांदाच पाहिलं की त्याच्या उघड्या तोंडातून काही बाहेर आलं नाही. त्याने माझ्याकडेही पाहिलं नाही. तो बुंध्याकडे पाहत होता.

याच क्षणासाठी मी गाडीत डिझेल भरून आलो होतो. मला फक्त गप्प उभं राहायचं होतं.

"ते काय, ते," मी म्हणालो आणि तारेपलीकडे बोट केलं. तिकडे, विहिरीच्या अंगाला, चिंचेचं एक मोठं झाड होतं. कोणाचं, कुठल्या हद्दीत, मला काही ठाऊक नव्हतं. न तपासता मी आजवर साध्या पावतीवरही सही केलेली नाही. तो हात माझाच होता, एवढं सांगू शकतो.

मॅडम पुढे झाल्या. तारेवरून त्यांनी खुरपणाऱ्याला हाक मारली. "दादा, ही चिंच तुम्हा दोघा भावांची ना?"

दत्तू उठला. खुरपं हातातच. त्याने मॅडमकडे पाहिलं, सरांकडे, माझ्याकडे. मग भास्करकडे पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिला. मी मनात करारावरच्या सह्या एकेक करून पुसत होतो.

"हाय की," तो म्हणाला. "दोघांचंच हाय."

"खूप चिंचा लागतात का?"

"लागत्यात. या वर्षी बी लागल्यात." मग थोडं थांबून, "ऊन हाय. सावलीला बसा म्हणावं," असं म्हणाला. कोणी कोणाला म्हणावं हे त्याने सांगितलं नाही. तो खाली बसला आणि पाठ करून खुरपायला लागला.

मॅडम आणि सर तारेतल्या फटीतून वाकून पलीकडे गेले. मीही गेलो. सावली दाट होती. मॅडमनी पुष्कळ फोटो काढले. भास्करला त्या बोलवत होत्या, तर तो म्हणाला पायात काटा भरलाय. तो अलीकडे उभा राहिला, एक पाय उचलून, खांबाला धरून. पाय वर धरून उभा होता, पण तळव्याकडे एकदाही पाहिलं नाही.

मॅडमची गाडी पुण्याकडे गेली. जाताना काच खाली करून त्या म्हणाल्या, "सोमवारी सही करून पाठवते." हे वाक्य त्या भास्करला म्हणाल्या. साहजिक आहे.

परतताना नेकनूर मागे पडलं. मग भास्कर आपणच म्हणाला, "ती चिंच दत्तूची हाय. सगळी त्याच्या हिश्शात. माझा काय बी संबंध न्हाई तिच्याशी."

"आणि बांधावरची?"

"तोडली."

"कोणी?"

"दोघांनी. एका बाजूनं तो, एका बाजूनं मी. वाटणीनंतर तेवढं एकच काम आमी मिळून केलं." तो खिडकीबाहेर पाहत होता. "तवापासून बोलणं न्हाई. त्याच्या पोरीच्या लग्नाला बी मला बोलवलं न्हाई. मी गेलतो तरी. मांडवाच्या बाहेर उभा राहून आलतो."

पाटोद्याच्या अनोळखी मांडवात जेवून आलेला हा माणूस. मी गिअर बदलला.

मांजरसुंब्याला चहासाठी थांबलो. भास्करने चहावाल्याचा हात हुंगला नाही. आपलाच माणूस म्हणाला नाही. कप हातात घेऊन बसला.

"तू जवळ व्हतास," तो म्हणाला. "तो काय म्हणला?"

"दोघांचं म्हणाला."

"ते मी आयकलं. पर मी लांब व्हतो." त्याने कप खाली ठेवला. "नुसतं दोघांचं म्हणला, का दोघांचंच म्हणला?"

मी विचार केला. घाईने सांगायची गोष्ट नव्हती. तारेपाशी मॅडम कुठे उभ्या होत्या, मी कुठे होतो, वारा कुठून होता, सगळं आठवून पाहिलं. मला एक धाकटा भाऊ आहे. तो शेजारच्याच गल्लीत राहतो, रोज भेटतो, काल काय म्हणाला ते मला सांगता येणार नाही. आणि हा माणूस एका अक्षरासाठी चहा थंड करत बसला होता. त्याही क्षणी मला त्याचा हेवा वाटला.

"दोघांचंच," मी म्हणालो. "'च' होता."

"नक्की?"

"नक्की."

त्याने मान हलवली. कप उचलला, पुन्हा ठेवला.

"तो म्हणला तसं म्हणून दाखव की," तो म्हणाला.

मला नकला येत नाहीत. कॉलेजात त्या तो करायचा. मी जरा पाठ वळवली, रस्त्याकडे पाहिलं आणि जमेल तितक्या दत्तूच्या आवाजात म्हणालो, "हाय की. दोघांचंच हाय."